शेअरच्या नावाला डॉलर लावला म्हणून फोल्डर सुरक्षित होत नाही

विंडोजच्या नेटवर्कवर शेअरच्या, म्हणजे इतरांना वापरायला खुल्या केलेल्या फोल्डरच्या, नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं, म्हणजे ‘पगार’चं ‘पगार$’ केलं, की तो फोल्डर इतरांच्या हाती लागत नाही, असा समज कितीतरी ऑफिसांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे, आणि पगाराच्या फाइली त्याच्या भरवशावर ठेवणं धोक्याचं आहे.

डॉलरमुळे एवढंच होतं, की फाइल एक्सप्लोररमध्ये सर्व्हर उघडल्यावर ते नाव दिसत नाही. सर्व्हर नाव पाठवतोच. लपवतो तो समोरचा विंडोजचा पीसी. त्याच लॉगिनने लिनक्स मशीनवरून यादी मागवा, ‘पगार$’ समोर हजर. नाव माहीत असेल तर यादीचीही गरज नाही, पत्ता टाइप केला की झालं.

अडवतात त्या परवानग्या. त्या दोन ठिकाणी असतात, शेअरवर आणि एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) फोल्डरवर, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यांतली जास्त कडक लागू होते. शेअरवर ‘फुल कंट्रोल’ आणि फोल्डरवर ‘रीड’ असेल, तर फाइल वाचता येते, बदलता येत नाही. थेट सर्व्हरवर बसलेल्याला मात्र शेअरची परवानगी लागूच नसते. म्हणून खरी भिस्त एनटीएफएसवर ठेवा आणि परवानगी एकेका माणसाला न देता ग्रुपला द्या. कुणाची बदली झाली की ग्रुपमधून नाव काढायचं. पुढच्या लॉगिनपासून प्रवेश बंद.

प्रिंटरकडेही बघा. शेअर केलेल्या प्रिंटरवर मुळातच ‘एव्हरीवन’ला प्रिंटची परवानगी असते. चेक छापायचा प्रिंटर असेल तर ती काढून फक्त अकाउंट्सच्या ग्रुपला द्या.