मुखवटे अंधारात का असतात?

पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या जवळच, सीन नदीकाठी, के ब्रान्ली संग्रहालय आहे. आफ्रिका, आशिया, ओशनिया आणि अमेरिकेतल्या मूळ समाजांच्या सुमारे ३ लाख ७० हजार वस्तू इथे आहेत. मांडलेल्या मात्र साडेतीन हजारांच्या आसपास. २००६ साली ते उघडले तेव्हापासून आतल्या अंधारावर टीका होते आहे. अशा मांडणीमुळे या समाजांची कला उगाच गूढ भासते, हे मलाही पटते. पण अंधाराला दुसरेही कारण आहे.

पिसे, झाडाच्या सालीचे कापड, वनस्पतींचे रंग यांवर पडणारा प्रकाश त्यांतले रेणू तोडत जातो आणि ही झीज साठत जाते. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचे एकक) प्रकाश ठेवतात. भर दुपारचे ऊन १ लाख लक्सच्या घरात असते. म्हणजे उन्हातला एक तास हा ५० लक्समधल्या दोन हजार तासांइतका!

दुसरा शत्रू कीड. आज वस्तू हवाबंद आवरणात ठेवून आत नायट्रोजन भरतात. प्राणवायू जवळजवळ संपला की किडे श्वासरंध्रे उघडीच ठेवतात, अंगातले पाणी उडून जाते आणि ते सुकून मरतात. काही आठवडे लागतात, पण वस्तूला धक्का लागत नाही.

पूर्वी हे तंत्र नव्हते. जगभरच्या संग्रहालयांनी कातड्यांवर, पिसांवर आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार, पुढे डीडीटी सढळ हाताने वापरले. काचेआड ठेवायचे तर काय बिघडते, असा तो हिशेब. कोणी ती वस्तू पुन्हा अंगावर घालेल, हा विचारच नव्हता. अमेरिकेत मूळ समाजांच्या वस्तू परत देण्याच्या १९९० च्या कायद्यानंतर तिथल्या होपी या मूळ समाजाच्या लोकांना त्यांच्या पवित्र वस्तू परत मिळू लागल्या, तेव्हा काहींवर आर्सेनिक सापडले. ज्या वस्तू त्यांच्या लेखी जिवंत, त्यांनाच हात लावणे धोक्याचे झाले. मला हे फार अस्वस्थ करते.

आता हातात मावणारे क्ष-किरण यंत्र वस्तूसमोर धरले की आर्सेनिक, पारा लगेच कळतो. डीडीटीसाठी मात्र नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो.

के ब्रान्लीमध्ये २०१० साली जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे मांडली होती. वारल्यांचा लग्नचौक मुळात कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, त्या लग्नापुरता काढलेला. पुढे भिंत सारवली की तो गेला. त्याला ना ५० लक्स लागत, ना नायट्रोजन.