मूळ पत्र कोणते? अमेरिकेच्या पहिल्या पिढीतील घरगुती पत्रव्यवहाराची पार्श्वभूमी

जॉन अ‍ॅडम्स आणि (अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष) त्यांच्या पत्नी अ‍ॅबिगेल यांची एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. १७७४ पासून पुढची दहा वर्षे जॉन बहुतेक काळ फिलाडेल्फियात, काँग्रेसच्या म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधिसभेच्या कामात, किंवा युरोपात राहिले आणि अ‍ॅबिगेल मॅसॅच्युसेट्समधील ब्रेंट्रीचे शेत आणि मुले सांभाळत राहिल्या, त्यामुळे घरात बोलून संपले असते ते सारे कागदावर उतरले. १७७५ च्या जूनमध्ये, ब्रिटिश फौजेच्या ताब्यातील बॉस्टनला वेढा पडलेला असताना, अ‍ॅबिगेल नवऱ्याकडून टाचण्या मागवतात आणि पूर्वी साडेसात शिलिंगांना मिळणाऱ्या पुड्याला आता वीस शिलिंग पडतात, असे कळवतात. समुद्रमार्गे येणारा माल थांबला की घराघरात काय होते, हे या एका ओळीतून जितके कळते तितके ठरावांच्या मसुद्यांतून कळत नाही.

पुढच्या वर्षीची चहाची हकिकत याच जातीची आहे. बायकोची डोकेदुखी थांबावी म्हणून जॉन यांनी महाग झालेला हिरवा चहा डब्यात घालून काँग्रेसच्या एका सदस्याबरोबर पाठवला. त्या सदस्याने तो चुकून दुसऱ्या अ‍ॅडम्सांच्या, म्हणजे सॅम्युएल अ‍ॅडम्स यांच्या घरी पोचता केला. अ‍ॅबिगेल तिथे भेटीला गेल्या तेव्हा त्यांना तोच चहा देण्यात आला आणि त्यांनी त्याची तोंडभर स्तुतीही केली. हा चहा आपल्यासाठीच होता, हे त्यांना नंतर नवऱ्याच्या पत्रातून समजले.

ही पत्रे बहुधा ओळखीच्या प्रवाशाबरोबर जात आणि त्यात धोका होता. १७७५ च्या जुलैमध्ये जॉन यांची पत्रे घेऊन निघालेला एक तरुण वकील ब्रिटिशांच्या हाती लागला आणि एका सहकाऱ्याला उणेदुणे बोललेला मजकूर बॉस्टनच्या राजनिष्ठ वृत्तपत्रात छापून आला. टपालाने पाठवावे, तर पत्र साधारणपणे बैरंगच जाई, म्हणजे पैसे घेणाऱ्याने भरायचे. १७९२ च्या कायद्यानुसार एका कागदाच्या पत्राला तीस मैलांपर्यंत सहा सेंट आणि साडेचारशे मैलांपलीकडे पंचवीस सेंट पडत. कागद दोन झाले की दर दुप्पट होई, म्हणून एकच कागद कडेपर्यंत भरून, घडी घालून, लाखेने बंद करीत. काँग्रेसच्या सदस्यांना टपाल माफ होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या निधनानंतर, १८०० मध्ये, त्यांच्या पत्नी मार्था यांनाही ही माफी तहहयात देण्यात आली. मार्था यांनी मात्र नवऱ्याबरोबरचा स्वतःचा पत्रव्यवहार जाळून टाकला आणि त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पत्रे उरली. पुढे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन आणि त्यांची पत्नी यांच्यातील एकही पत्र शिल्लक नाही. अ‍ॅबिगेल यांनीही आपली पत्रे जाळून टाका म्हणून सांगितले होते, पण जॉन यांनी ते ऐकले नाही, आणि त्या एका नकारावर या विषयाचे अर्धे ज्ञान उभे आहे.

यानंतरचा खरा गुंता ‘मूळ पत्र’ या शब्दांत आहे. एकाच पत्राचा कच्चा खर्डा, प्रत्यक्ष रवाना झालेली प्रत आणि लिहिणाऱ्याने नक्कलवहीत उतरवून ठेवलेली प्रत, अशी तीन रूपे असू शकतात आणि ती तंतोतंत जुळतीलच असे नाही. जॉन यांनी १७७६ च्या जूनमध्ये कोरी वही आणून नकला ठेवायला सुरुवात केली. जेफरसन १८०४ पासून लिहिताना दुसरी लेखणी आपोआप हलवून नक्कल काढणारे यंत्र वापरू लागले, त्यामुळे त्यांच्या नकला विश्वसनीय आहेत. वॉशिंग्टन यांचे तसे नाही. तरुणपणीच्या लष्करी पत्रांच्या वह्या त्यांनी अमेरिकन क्रांतीनंतर, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर, स्वतः दुरुस्त केल्या, भाषा सफाईदार केली आणि त्या पुन्हा उतरवून घेतल्या.

वॉशिंग्टन यांनी स्वतः घेतलेल्या या मोकळिकीचा आधार पुढे एका संपादकाने घेतला. १८३४ ते १८३७ या काळात वॉशिंग्टन यांचे लेखन बारा खंडांत छापताना त्याने व्याकरण सुधारले, शब्दही बदलले. एका सेनापतीचा ‘ओल्ड पुट’ असा सलगीचा उल्लेख ‘जनरल पटनम’ झाला आणि गरजेच्या मानाने पिसू चावल्याइतकी वाटलेली रक्कम ‘सर्वस्वी अपुरी’ ठरली. १८४७ मध्ये वॉशिंग्टन यांच्या माजी सचिवाच्या नातवाने आजोबांच्या घरी जपलेली, प्रत्यक्ष पोचलेली पत्रे छापली, तेव्हा हा फरक उघड झाला, आणि १८५१ मध्ये एका इंग्रज इतिहासकाराने संपादकावर थेट आरोप केला. वॉशिंग्टन असते तर त्यांनीही हे दुरुस्त केले असते, असा बचाव झाला. त्यात तथ्याचा अंश आहे, हे मान्य करावे लागते. परंतु लेखकाने स्वतः केलेली दुरुस्ती हा त्याच्या आयुष्याचा भाग असतो, तर पन्नास-साठ वर्षांनी परक्याने केलेली दुरुस्ती वाचकाची फसवणूक ठरते. याच संपादकाने वॉशिंग्टन यांच्या हस्ताक्षराचे तुकडे कापून हौशी संग्राहकांना वाटले, हे तर कोणत्याही बचावात बसत नाही.

अ‍ॅडम्स घराण्यात पत्रे छापण्याचे काम नातवाने केले. अ‍ॅबिगेल यांची पत्रे १८४० मध्ये, जॉन यांची १८४१ मध्ये स्वतंत्रपणे निघाली, त्यामुळे पस्तीस वर्षे वाचकाला प्रश्न एका पुस्तकात आणि उत्तर दुसऱ्यात वाचावे लागले. क्रांतीच्या शताब्दीच्या सुमारास दोन्ही बाजू एकत्र आल्या, तरी आजारपण आणि बाळंतपण यांविषयीचा मजकूर अशोभनीय मानून बराच गाळला गेला होता. याच पत्रव्यवहारात १० जुलै १७७७ चे पत्र आहे. वेणा येत असताना अ‍ॅबिगेल ते लिहीत होत्या आणि जे टाळता येत नाही ते सोसण्यासाठी आता लेखणी खाली ठेवावी लागते, असे त्यांनी त्यात नोंदवले. दुसऱ्या दिवशी मुलगी मृत जन्मली. फिलाडेल्फियात बसलेल्या नवऱ्याला हे कळायला कित्येक दिवस गेले.

घराण्याने कागदपत्रे १९५६ मध्ये बॉस्टनच्या एका इतिहास संस्थेला दिली आणि कौटुंबिक पत्रांचे पहिले दोन खंड १९६३ मध्ये, काहीही न गाळता, आले. त्याआधी १९५० मध्ये जेफरसन यांच्या पत्रांचा पहिला खंड निघाला होता आणि आलेली पत्रेही पाठवलेल्या पत्रांच्या शेजारी छापण्याची रीत त्याने रूढ केली. २०१३ पासून या साऱ्या पत्रांचा साठा इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतो. कोणता मजकूर पाठवलेल्या प्रतीतून घेतला आणि कोणता नक्कलवहीतून, हे तिथे पत्राखालीच नमूद केलेले असते.