ऑनलाइन आणि दुकान: खरेदी एकच, व्यवहार दोन

लातूरच्या गंजगोलाईत मिक्सर घ्यायला गेलात, तर दुकानदार खोकं फोडतो, भांडं बसवतो, बटन दाबून आवाज ऐकवतो आणि मगच बिल करतो. तोच मिक्सर मोबाइलवरून मागवला, तर आधी पैसे जातात, दोन-चार दिवसांनी खोकं येतं आणि आवाज ऐकायचं काम आपल्या स्वयंपाकघरात होतं. दोन्हीला आपण खरेदीच म्हणतो, त्यामुळे तुलना फक्त भावाची होते. पण एकीकडे माल बघून पैसे द्यायचे असतात आणि दुसरीकडे पैसे देऊन माल बघायचा असतो. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ घेतली म्हणून हा क्रम उलटत नाही. पैसे दारात मोजले तरी खोकं बंदच असतं. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात, म्हणून भाव विचारण्याआधी वस्तूत खोट निघालीच तर ती उचलून कोण नेणार, हे विचारावं.

तरी भावाचंही बघू. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. ती वस्तूची ‘खरी’ किंमत नव्हे. त्यामुळे एमआरपीवर काट मारून ‘७० टक्के सूट’ लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातही एमआरपीनं कुणी विकत नाही. तुलना करायची तर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. काही कंपन्या ऑनलाइनसाठी वेगळं मॉडेल काढतात. दिसायला तेच असतं, पण मोटार कमी वॅटची असते किंवा एखादं भांडं कमी असतं. मग घरात वस्तू चालू होईपर्यंतचा सगळा खर्च मांडा. वॉशिंग मशीनच्या ऑनलाइन किमतीत स्टँड, जादा पाइप, नळाचा ॲडॉप्टर बहुधा धरलेला नसतो. दुकानदार ‘छोटा हत्ती’तून घरपोच देतो, वरच्या मजल्यावर चढवतो आणि घासाघीस केली तर स्टँडही त्यातच बसवतो. दोन्हीकडचा फरक हजाराच्या आत असेल, तर मोठी वस्तू दुकानातूनच घेतलेली बरी, असं आमचं मत आहे.

‘नो कॉस्ट ईएमआय’ही नीट वाचा. व्याज माफ होत नाही; तेवढी रक्कम आधी किमतीतून वजा करतात आणि बँक ते व्याज हप्त्यात लावते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्याच माथी येते. समजा व्याज ९०० रुपये आहे, तर १६२ रुपये कराचे झाले, फी वेगळी. दुकानातल्या फायनान्सवाल्याकडेही हेच असतं. तिथं वर ‘फाईल चार्ज’ असतो आणि कधी न विचारता जोडलेला विमा. सही करण्याआधी हप्ता गुणिले महिने, अधिक डाउन पेमेंट, असा हिशेब कागदावर करा.

ऑनलाइनमध्ये सगळ्यात जास्त गल्लत होते ती ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ या दोन शब्दांची. रिटर्न म्हणजे वस्तू परत आणि पैसेही परत. रिप्लेसमेंट म्हणजे वस्तूच्या बदली तीच वस्तू, आणि तीही कंपनीला खोट मान्य झाली तर. मोबाइल, टीव्ही, फ्रिज यांवर बहुधा फक्त रिप्लेसमेंट असते आणि तीही बऱ्याचदा सातच दिवस. ‘आवडला नाही’ हे कारण तिथं चालत नाही. हे किमतीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि एकाच साइटवर विक्रेता बदलला की अटही बदलते. विक्रेत्याचं नाव वाचायचं ते यासाठीच.

पार्सल आलं की फोडण्याआधी व्हिडिओ सुरू करा आणि मध्ये बंद करू नका. आधी पत्त्याचं लेबल, मग चारही बाजूंच्या चिकटपट्ट्या, मग कापणं, आतल्या वस्तू एकेक करून बाहेर, शेवटी सीरियल नंबर. तुकड्यातुकड्यांत केलेला व्हिडिओ तक्रारीत टिकत नाही. ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी, म्हणजे दारातच खोकं उघडून दाखवणारी, असेल तर वस्तू बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. ओटीपी दिला म्हणजे ‘माल बरोबर मिळाला’ अशी सही केली. मराठवाड्यातल्या खेड्यांत अडचण वेगळीच असते. एका पिनकोडखाली कितीतरी गावं येतात, कुरियरवाला गावात न येता ‘फाट्यावर या’ म्हणतो. तिथं उन्हात, गाडीच्या सीटवर खोकं फोडायचा संकोच वाटतो, पण व्हिडिओ तिथंच करा. परत न्यायला माणूस येतो का, हे ऑर्डर देण्याआधी बघा. अनेक पिनकोडवर माल पोहोचवतात, उचलत मात्र नाहीत. मग वस्तू पोस्टानं स्वतः पाठवायची आणि पावती जपून ठेवायची. सोळा किलोचा कूलर पोस्टात कोण नेणार?

कूलरचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबू, कारण इकडच्या उन्हाळ्यात दोन्ही बाजारांतला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो इथंच. ऑनलाइन मिळतो तो प्लास्टिक बॉडीचा, हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या) पॅडचा. इथल्या बाजारात मार्चपासून दुकानाबाहेर रांगेनं लागतात ते पत्र्याचे, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या असलेले. हनीकोंब पॅड जास्त हंगाम टिकतो, हे खरं. पण आपल्याकडे काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी जड असतं. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि पॅडच्या बारीक छिद्रांत पांढरा थर धरतो. हवा कमी येते, गारवा जातो आणि माणूस पंपाला दोष देतो. नवा पॅड त्याच मापाचा, त्याच कंपनीचा लागतो आणि तालुक्याला तो मिळेलच असं नाही. गवताची ताटी मात्र दर हंगामाला बदलायची, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, कुणीही बसवतो. पंप जळला तरी पत्र्याच्या कूलरला बाजारातला कुठलाही पंप चालतो. उलट बाजूही आहे: पत्रा गंजतो, टाकीला तळाशी भोक पडतं आणि ओल्या पत्र्याला हात लागून शॉक बसतो. म्हणून पत्र्याचा घ्याल तर आतून रंग नीट आहे का बघा आणि अर्थिंगची तीन पिनांची वायर लावून मागा. प्लास्टिकचा मागवाल तर टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण उपसून टाका, नुसती भर घालू नका; भर घातल्यानं क्षार वाढतच जातात. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात पॅड भिजवून धुवा.

कपड्यात डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळतं आणि मोबाइलच्या पडद्याला हात लावून काही कळत नाही. पैठणीचंच घ्या. ऑनलाइन वर्णनात ‘आर्ट सिल्क’ लिहिलेलं असतं. त्यातला ‘आर्ट’ कलेचा नाही, कृत्रिमचा आहे. म्हणजे रेयॉन किंवा पॉलिस्टर. ‘सेमी पैठणी’ म्हणजे यंत्रमागावरची, पैठणीसारखी दिसणारी साडी. ती घेण्यात गैर काही नाही, पण भाव तिचाच द्यावा. हातमागाची पैठणी पदर उलटून ओळखतात: मागून-पुढून नक्षी सारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागी गुंतवून विणलेला असतो. यंत्रमागाच्या पदरामागं सुटे, कापलेले धागे दिसतात. पैठणला जाऊन माग बघून घेतली तर उत्तमच. नाही जमलं तर विक्रेत्याकडून पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि अस्सल रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल आहे का विचारा. शंका असेल तर कडेचा एक धागा, जरीचा नव्हे, जाळून बघा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टरचा कडक गोळा होतो.

दुकानाची कमजोर बाजू म्हणजे बिल. ‘बिल पाहिजे असेल तर १८ टक्के वर लागतील’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पॅकबंद वस्तूच्या एमआरपीत कर धरलेला असतो, त्यामुळे एमआरपीच्या वर तो पुन्हा लावता येत नाही. पाठकोऱ्या कागदावरच्या कच्च्या बिलावर वॉरंटी मिळत नाही आणि तक्रारही उभी राहत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का मारला तरी कायदा त्याला बधत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. पण ही तरतूद सदोष मालाची आहे. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, तर बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर असतं. बदलून मिळतं ते बहुधा ओळखीमुळं.

बियाण्याचं मात्र सरळ सांगतो: परवानाधारक कृषी सेवा केंद्रातून, पक्क्या बिलावरच घ्या. बिलावर पीक, वाण, लॉट नंबर आणि मुदत हवी. पिशवी टॅगच्या उलट बाजूनं फोडा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत ठेवा. पेरणीआधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. सहा-सात दिवसांत ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या मात्रेनं पेरा. पेरल्यावर शेतात उगवलं नाही तर तालुका तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते आणि तिथं पहिला प्रश्न बिलाचाच असतो. बियाणं घेणारा शेतकरीही ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. समाजमाध्यमावरची जाहिरात बघून आगाऊ पैसे भरून मागवलेल्या पाकिटावर यातलं काहीच लागू करता येत नाही, कारण विकणाऱ्याचा पत्ताच नसतो.

मोबाइल कुठूनही घ्या, फारसा फरक पडत नाही. सील बघा, स्टार-हॅश-०६-हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा.

उधारी ऑनलाइनला नाही, असं आता म्हणता येत नाही. ‘पे लेटर’ आलंय. पण ते आणि दुकानातली वही यांत अंतर आहे. वहीतलं ‘सोयाबीन विकल्यावर देतो’ दोन महिने पुढं सरकतं, दुकानदार दोन शब्द बोलतो, पुढचा माल थोडा चढ्या भावानं लावतो. पे लेटरची तारीख चुकली की दंड लागतो, नोंद थेट क्रेडिट अहवालात जाते आणि पीककर्जाच्या वेळी बँकेला ती दिसते.

तक्रार करायची वेळ आली तर ऑनलाइनवाल्याच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यावं, असा २०२० चा नियम आहे. त्याचं नाव-संपर्क साइटवर असायलाच हवं. नंबर गुगलवर शोधू नका, तिथं ठगांचे नंबर पेरलेले असतात. पैसे परत घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. वस्तूच्या तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळुरूचा, आपण राहतो त्या जिल्ह्यात, मग ते हिंगोली असो की धाराशिव, तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. सोबत बिल, व्हिडिओ आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार तारखेनिशी जोडा. फोनवर झालेलं बोलणं ईमेलनं पुन्हा लिहून पाठवलं असेल, तरच ते कामी येतं.