हेर्नहूटचा तारा

मोरेव्हियन ख्रिस्ती पंथाच्या शाळांत मुलांच्या हातून घडलेला, बहुधा पंचवीस टोकांचा, कागदी नाताळ-तारा. हेर्नहूट हे जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील गाव मोरेव्हियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेशातून) आलेल्या निर्वासितांनी १७२२ मध्ये काउंट त्सिंट्सेनडोर्फच्या जमिनीवर वसवले. ताऱ्याचे मूळ मात्र त्याच परिसरातील निस्कीच्या मुलांच्या शाळेत शोधले जाते.

त्याच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार, धर्मप्रसारासाठी दूरदेशी गेलेल्या आईवडिलांची मुले वसतिगृहांत आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी असे तारे करत. दुसऱ्या मतानुसार, हा तारा १८३० च्या दशकाच्या सुमारास भूमितीच्या तासाला घडला. निस्कीच्या याच शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी केलेल्या ११० टोकांच्या ताऱ्याचाही उल्लेख आढळतो. प्रथा पहिल्या कारणाने रुजली असेल. निर्मितीचे श्रेय मात्र गणिताच्या वर्गाला देणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण ताऱ्याची रचनाच तसे सुचवते.

त्याच्या गाभ्याशी १८ चौरस व ८ समभुज त्रिकोण अशा २६ पृष्ठांची आर्किमिडीय घनाकृती असते. तिच्या २४ शिरोबिंदूंपैकी प्रत्येकाशी तीन चौरस व एक त्रिकोण मिळतात. कोनांची बेरीज ३३० अंश भरते. ३६० ला उरलेल्या ३० अंशांमुळे कागद सपाट न राहता गोलाई घेतो. कडा ४८; म्हणजे शिरोबिंदू − कडा + पृष्ठे = २ हे ऑयलरचे सूत्र (२४ − ४८ + २६ = २) मुलांना बोटाने मोजून पडताळता येते. एक चौरस दिवा व टांगणीसाठी मोकळा सोडतात. उरलेल्या १७ चौरसांवर चौकोनी व ८ त्रिकोणांवर त्रिकोणी सुळके बसतात. सर्व कडा सारख्या असल्याने दोन्ही सुळक्यांच्या तळाची बाजू एकाच मापाची असते. त्यामुळे पुठ्ठ्याचे दोनच साचे पुरतात आणि काम वर्गभर वाटता येते. शालेय हस्तव्यवसायात इतकी नेमकी सोय क्वचितच सापडते.

सुटे करून पुन्हा जोडता येणाऱ्या ताऱ्याचे व त्याच्या व्यापाराचे श्रेय फेरबेक कुटुंबाला दिले जाते. १८८० च्या सुमारास विक्री, तर १८९७ च्या आसपास धातूचा गाभा, असा क्रम सामान्यतः मांडतात. कागदाच्या चार पट्ट्या विणून होणारा फ्रबेलचा तारा याहून वेगळा.

घरोघरी तारा आगमनकाळाच्या आरंभी जोडतात व ६ जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणापर्यंत ठेवतात. हेर्नहूटच्या कारखान्यात तो आजही हाताने घडवला जातो. तेथील कार्यशाळेत मुलांना स्वतः तारा करून पाहता येतो.