त्या बचावबोटी नौदलाच्याच होत्या का?

‘दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश खाडीत पडलेल्या वैमानिकांना उचलणाऱ्या वेगवान बोटी ब्रिटिश नौदलाच्या होत्या,’ असा मजकूर फोटोसकट फिरत असतो. समज स्वाभाविक आहे. बोट म्हटली की नौदलच आठवतं, आणि नौदलाच्याही काही बचावबोटी होत्याच. पण ब्रिटिश हवाई दलाकडे 1918 पासून स्वतःचा बोटींचा विभाग होता. युद्धाच्या सुरुवातीची त्यांची 64 फुटी लाकडी लाँच तीन पेट्रोल इंजिनांवर सुमारे 35 नॉट वेगाने धावे.

फोटो मोठा करून पाहा. विमानांवर असायचं तसं गोल रंगीत चिन्ह बोटीच्या कडेला दिसलं, तर ती हवाई दलाची. नाहीच दिसलं, तर क्रमांकावरून तुकडी शोधायची. हे काम जरा चिवट. तुकड्यांच्या नोंदवह्या लंडनच्या क्यू भागातल्या अभिलेखागारात आहेत.