माडीवरची जुनी लाकडी जमीन : काम सांगण्यापूर्वी ग्राहकांनी वाचावे

चेंदणी, महागिरी, खारकर आळी या ठाण्याच्या जुन्या भागांत जी थोडी कौलारू घरे उरली आहेत, त्यांच्या माडीवरची लाकडी जमीन हेच खालच्या खोलीचे कडीपाटाचे छत असते. त्यामुळे वरून केलेल्या प्रत्येक कामाचा परिणाम खालीही दिसतो, हे लक्षात घेऊनच आम्ही अंदाजपत्रक तयार करतो.

बहुतेक ग्राहक पहिल्याच भेटीत ‘मशीन फिरवून नवी करून द्या’ असे सांगतात. ही मागणी आम्ही सहसा मान्य करीत नाही. घासणीयंत्राखाली गेलेले लाकूड परत येत नाही, आणि अनेक पिढ्यांच्या पावलांनी झिजलेल्या फळीत ते आधीच कमी उरलेले असते. आमच्या अनुभवानुसार पुष्कळशा जमिनींना घासण्याची नव्हे, तर नीट स्वच्छ करण्याची आणि चार-दोन ठिकाणी दुरुस्तीची गरज असते.

पाहणीच्या वेळी आम्ही फळ्यांपेक्षा तुळयांची भिंतीत गेलेली टोके आधी तपासतो, कारण भिंतीतली ओल तिथेच मुरते आणि वरून धडधाकट दिसणारी तुळई आतून भुसभुशीत झालेली असू शकते. कौलांतून पाणी झिरपत असेल किंवा भिंतीवर वाळवीच्या मातीच्या रेषा दिसत असतील, तर त्यांचा बंदोबस्त होईपर्यंत पॉलिशचे काम आम्ही हाती घेत नाही. त्यानंतर कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहतो. थर चिकट होऊन सुटू लागला, तर ते बहुधा जुने लाखेचे पॉलिश असते आणि न घासता स्पिरिटनेच काढता येते. फळ्यांवर जुना ऑइलपेंट असेल, तर त्यात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून तो कोरडा घासत नाही. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांना विशेष घातक ठरते.

कुजलेल्या फळीचा तेवढाच भाग कापून, पाडलेल्या घरांतून मिळणारे जुने सागवान रेषा जुळवून बसवितो. फटींविषयी मात्र आमचीच एक चूक सांगणे योग्य ठरेल. सुरुवातीच्या काळात एका घरी एप्रिलमध्ये सगळ्या फटी आम्ही कडक लांबीने (पुटीने) भरल्या. जुलैत फळ्या रुंदीत फुगल्या, त्यांना सरकायला जागा राहिली नाही आणि मधल्या दोन फळ्या चक्क उचलल्या गेल्या. तो खर्च अर्थात आम्ही सोसला. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत मात्र दर पावसाळ्यात वाढते, म्हणून बारीक फटी आता आम्ही मोकळ्याच ठेवतो.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा आणि मधमाशांच्या मेणाचा असतो. पॉलियुरेथेन या कृत्रिम वॉर्निशाची चमक हॉटेलसारखी दिसते खरी, पण खालून ओल आल्यास तो थर पोपडे धरतो आणि पुढच्या दुरुस्तीला अख्खी जमीन घासावी लागते. मेण उतरले, तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून ती आम्ही पाण्यात बुडवून रोज सोबत नेतो. घरी स्वतः तेल लावल्यास आपणही ही काळजी अवश्य घ्यावी.

हे काम दिवाळीनंतर सुरू करून मार्च-एप्रिलपर्यंत संपविणे सर्वांत सोयीचे पडते, कारण दमट हवेत तेल वाळायला फार वेळ लागतो आणि लाखेवर पांढरट झाक येते. पुढे रोज कोरडा केरसुणीचा हात पुरे. ओल्या फडक्याने पुसायचेच असेल, तर ते घट्ट पिळून घ्यावे आणि फिनेल टाळावे.

काम चालू असताना फटींतून बारीक भुसा खाली पडत राहतो. तेव्हा आदल्या दिवशी खालच्या खोलीतील देवघर, अंथरुणे आणि पिण्याच्या पाण्याचे हंडे झाकून ठेवावेत, आणि तिथे भाडेकरू राहत असल्यास त्यांनाही तारीख आधी कळवावी.