थायरमच्या पुडीतलं गंधक

मृग लागला होता. वरुडजवळच्या शेतात सोयाबीनच्या बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक चोळणं चाललं होतं. मी मोबाइलवर एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाचा परिचय वाचत होतो. त्यांचं संशोधन आधी उष्णतेनं चुंबकत्व बदलणाऱ्या पदार्थांवर, मग खनिज-शुद्धीकरणावर. पुतण्या म्हणाला, “काका, यानं मधातच लाइन काऊन बदलली जी?”

मला तर ती एकच लाइन वाटते, आणि दुवा पुतण्याच्या हातातच होता. (हातमोजे घाल, हे तिसऱ्यांदा सांगितलं.) थायरममध्ये डायथायोकार्बामेटचे दोन तुकडे जोडलेले असतात. सुटा तुकडा म्हणजे दोन गंधकांचा चिमटा, मागे नायट्रोजनवर शेपटी.

१९३१ साली इटलीत लिव्हिओ कांबी यांनी असे तीन चिमटे लोहाच्या अणूला लावलेली संयुगं तपासली. त्यांचं चुंबकत्व तापमानाबरोबर विचित्र बदलत होतं. या लोहाच्या बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन, पाच खोल्या: तीन तळमजल्यावर, दोन माडीवर. गारठ्यात पाचही जण खालीच दाटीवाटीनं राहतात. जोडीतल्या दोघांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं, एकट्याचंच उरतं. उष्णता मिळाली की दोघं माडीवर जातात, पाचही सुटे होतात, चुंबकत्व वाढतं, रेणू फुगतो. मेख चिमट्यांच्या पकडीत आहे. पकड फार घट्ट असली तर माडी इतकी उंच होते की कोणी चढतच नाही. फार सैल असली तर कोणी खाली दाटी करत नाही. मधल्या पकडीलाच हे चालू-बंद बटण जमतं, आणि शेपटी बदलली की पकडही बदलते.

रक्तातलं लोहही असंच बटण आहे, फक्त ते उष्णतेनं नाही, प्राणवायूनं दाबलं जातं. प्राणवायू धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूरच सरतं, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवलं. जत्रेत ‘रक्तातलं लोह खेचणारं’ चुंबकी कडं विकणाऱ्याला मी हे समजावलं. त्यानं दहा रुपये कमी केले.

आता दहावीतली फेनतरण पद्धत आठवा. गोंदियापलीकडे मलाजखंडला तांब्याचं खनिज असंच वेगळं करतात. पाइन तेलानं फेस टिकतो. कण फेसाला चिकटवायला मात्र झँथेट किंवा डायथायोकार्बामेटसारखं रसायन लागतं. गंधकाचा चिमटा खनिजातल्या धातूला धरतो, तेलकट शेपटी बाहेर राहते. कण पाणी झटकतो, बुडबुड्याला बिलगून वर येतो. दगड भिजून तळाशी. शेपटी लांबवली तर कण जोरात तरंगतात, पण नको ते खनिजही सोबत येऊ लागतं.

“मंग थायरमनं तांबं निघते का?”

त्याची शेपटी म्हणजे मिथाइलचे आखूड खुंट. पाणी झटकायला तोकडे.